डिस्कचा सातबारा

एखादा लॉजिकल व्हॉल्यूम कोणत्या डिस्कवर आहे, हे लिनक्सच्या एलव्हीएमला विचारणे रोजचेच काम. एखाद्या डिस्कवर कोणकोणते लॉजिकल व्हॉल्यूम आहेत, हा उलटा प्रश्न मात्र बहुतेक वेळा अडचणीतच विचारला जातो. डिस्कवर खराब सेक्टर दिसू लागलेले असतात, नाहीतर जुने स्टोरेज महिनाअखेर रिकामे करून द्यायचे असते. उत्तर हवे असते ते घाईत, आणि घाईत अर्धे उत्तर पुरेसे वाटते.

डिस्क किंवा तिचे एखादे पार्टिशन म्हणजे फिजिकल व्हॉल्यूम. अशा अनेकांचा मिळून व्हॉल्यूम ग्रुप होतो आणि त्यातून जागा घेऊन लॉजिकल व्हॉल्यूम बनतात. ही जागा एक्स्टेंटमध्ये मोजली जाते. वेगळे काही सांगितले नाही, तर एक एक्स्टेंट 4 एमबीचा असतो. म्हणजे 100 जीबीच्या व्हॉल्यूमला 25,600 एक्स्टेंट लागतात, आणि ते सगळे एकाच डिस्कवर असावेत असे बंधन नाही. एलव्हीएमची सोय याच मोकळिकीत आहे आणि वरच्या प्रश्नाचा उगमही तिथेच.

हाइन्त्स माउल्सहागेन यांनी 1998 मध्ये एचपी-यूएक्सच्या धर्तीवर लिनक्ससाठी एलव्हीएम लिहिले. त्या पहिल्या रचनेत प्रत्येक डिस्कवर एक तक्ता असे: अमुक एक्स्टेंट अमुक लॉजिकल व्हॉल्यूमचा. एलव्हीएम-2 मध्ये ही नोंद उलटली. आता डिस्कच्या सुरुवातीला साध्या, वाचता येणाऱ्या मजकुरात ग्रुपचा सगळा तपशील असतो; पण फिजिकल व्हॉल्यूमखाली त्याची ओळख, आकार आणि एक्स्टेंटची संख्या असे जुजबीच लिहिलेले असते. कोणता तुकडा कुठे, हे प्रत्येक लॉजिकल व्हॉल्यूमच्या नोंदीत सापडते. गावच्या दप्तराच्या भाषेत, लिहिलेला आहे तो खातेदाराचा आठ-अ आणि मागितला जातो गटाचा सातबारा. तो दर वेळी सगळी खाती चाळून तयार करावा लागतो. हे काम हत्यारेच करतात.

सर्वांत सरळ हत्यार म्हणजे पीव्हीडिस्प्ले, मॅप्स हा पर्याय लावून. ते डिस्कचा एकेक पट्टा क्रमाने दाखवते: इथपासून इथपर्यंत अमुक व्हॉल्यूम, मग मोकळी जागा, मग दुसरा. तेच आटोपशीर हवे असेल तर पीव्हीएसला सेगमेंट्सचा पर्याय आणि लॉजिकल व्हॉल्यूमच्या नावाचा स्तंभ जोडावा. नुसत्या नावांच्या यादीपेक्षा हा पट्ट्यांचा नकाशा केव्हाही बरा, कारण त्यात डिस्कचा इतिहासही दिसतो. समजा, 0 ते 25,599 वर ‘डेटा’ आहे, 25,600 ते 38,399 वर ‘लॉग’ आणि 38,400 ते 40,959 वर पुन्हा ‘डेटा’. यावरून कळते की आधी 100 जीबीचा ‘डेटा’ केला, शेजारी 50 जीबीचा ‘लॉग’ आला, आणि पुढे ‘डेटा’ 10 जीबीने वाढवताना ‘लॉग’ला ओलांडून जावे लागले. यादीत मात्र दोन नावेच दिसली असती.

फसगत होते ती लपलेल्या व्हॉल्यूममुळे. रेड प्रकारच्या व्हॉल्यूमचे नाव डिस्कच्या नकाशात जसेच्या तसे येत नाही. त्याच्या आर-इमेज आणि आर-मेटा या पोटभागांची नावे येतात. थिन व्हॉल्यूमचे प्रकरण आणखी अवघड. एलव्हीएसच्या डिव्हायसेस स्तंभात त्यांच्यापुढे काहीच नसते, कारण त्यांना स्वतःची जागा नसते. डिस्कवर असतो पूलचा टी-डेटा. नकाशात टी-डेटा दिसला, की त्या पूलवरचा प्रत्येक थिन व्हॉल्यूम या डिस्कवर अवलंबून आहे असेच धरावे. ती नावे पूलच्या स्तंभावरून वेगळी काढावी लागतात. एलव्हीएसला ‘सगळे दाखव’ असे सांगितले, तर हे पोटभाग चौकटी कंसात दिसतात.

एकाच डिस्कच्या दोन पार्टिशनवर दोन फिजिकल व्हॉल्यूम असू शकतात. तेव्हा एकाला विचारून थांबणे म्हणजे अर्धीच चौकशी. मध्ये एन्क्रिप्शनचा किंवा एमडी-रेडचा थर असेल, तर एलव्हीएमला खरी डिस्क दिसतच नाही. अशा वेळी एलएसबीएलके वरपासून खालपर्यंतची उतरंड एका नजरेत दाखवते.

आयबीएमच्या एआयएक्सवर हाच प्रश्न एलएसपीव्हीला विचारतात. तिथे प्रत्येक व्हॉल्यूमपुढे लॉजिकल आणि फिजिकल पार्टिशनची संख्या आणि माउंट पॉइंटही मिळतो. फिजिकल संख्या लॉजिकलच्या दुप्पट दिसली तर सावध व्हावे: मिररच्या दोन्ही प्रती त्याच डिस्कवर आहेत. शेजारचा स्तंभ डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून आतल्या कडेपर्यंतच्या पाच पट्ट्यांतली वाटणी सांगतो. फिरत्या तबकडीच्या काळात त्याला मोल होते. सॅनवरच्या डिस्कला तो शोभेपुरताच.

डिस्क पूर्ण बंद पडली तरी नकाशा हरवत नाही. सहसा ग्रुपमधल्या प्रत्येक डिस्कवर त्याची प्रत असते आणि सर्व्हरच्या ईटीसी डिरेक्टरीतल्या एलव्हीएमच्या बॅकअपमध्येही. बंद डिस्कच्या जागी तेव्हा ‘अननोन’ असे येते, आणि ते ज्या व्हॉल्यूमपुढे येईल त्यांचा तुकडा गेलेला असतो.

पुढचे पाऊल नकाशावर ठरते. रेडचा पोटभाग असेल, तर एलव्हीकन्व्हर्टने तेवढाच दुसऱ्या डिस्कवर नव्याने बांधता येतो. एकुलती प्रत असेल, तर आधी बॅकअप आणि मग पीव्हीमूव्ह. ते चालू असताना फाइल सिस्टीम उतरवावी लागत नाही. डिस्कवर एकही एक्स्टेंट शिल्लक असेल, तर व्हीजीरिड्यूस ती ग्रुपबाहेर काढायला नकार देते. शेवटी डिस्क हाताने ओढण्यापूर्वी तिचा सीरियल नंबर जुळवावा. एसडीबी हे नाव रीबूटनंतर दुसऱ्याच डिस्कला मिळू शकते, सीरियल नंबर मात्र बदलत नाही.