कार्ब्युरेटरमधला बर्फ

लहान विमानाच्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरायला बाहेर थंडी असावी लागत नाही. इंजिनात जाणारी हवा व्हेंचुरीच्या आवळलेल्या गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि ती थोडी गार होते. खरा गारवा मात्र इंधनामुळे येतो. तिथे फवारलेल्या पेट्रोलची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता भोवतालच्या हवेतून व धातूतून ओढली जाते. माठातले पाणी याच कारणाने गार होते. पेट्रोल त्याहून कितीतरी झपाट्याने उडते. तापमान ३० अंशांहूनही अधिक घसरू शकते. मग हवेतला ओलावा थ्रॉटलच्या पाकळीवर आणि गळ्याच्या भिंतीवर गोठतो आणि हवेची वाट अरुंद होत जाते.

त्यामुळे तापमानाइतकेच, किंबहुना जास्तच, लक्ष आर्द्रतेकडे द्यावे लागते. २१ अंशांखालचे तापमान आणि ८० टक्क्यांवरची आर्द्रता बर्फाला सर्वांत पोषक. पण ३८ अंशांच्या हवेत, ५० टक्के आर्द्रतेतही तो धरू शकतो. कडाक्याच्या थंडीत हवेत ओलावाच इतका कमी उरतो की धोका उलट घटतो. कोकणातली जुलैची हवा, म्हणजे २७ अंशांच्या आसपास तापमान आणि ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, बर्फाचा धोका दाखवणाऱ्या वैमानिकांच्या तक्त्यावर मांडली, तर इंजिनाची शक्ती कमी करून उतरताना ती गंभीर बर्फाच्या पट्ट्यात येते.

उतरतानाच धोका का वाढतो, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो, त्यामुळे पाकळीच्या कडेची फट बुजायला थोडा बर्फही पुरतो. शिवाय वाऱ्याच्या जोरावर पंखा फिरतच राहतो आणि इंजिन गुदमरते आहे याचा पत्ता लागत नाही. धावपट्टीजवळ शक्ती मागितली की मगच ती मिळत नाही असे कळते.

समपातळीवरच्या उड्डाणात खूण आधी मिळते, पण ती फार हळू येते. स्थिर पात्यांच्या पंख्यात आरपीएम उतरतो. वेग स्थिर राखणाऱ्या पंख्यात आरपीएम तसाच राहतो आणि सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीतला, म्हणजे मॅनिफोल्डमधला, दाब घटतो. वैमानिक नकळत थ्रॉटल थोडा पुढे सरकवतो आणि हाती आलेली खूण पुसली जाते. रॉबिन्सन आर-२२ हेलिकॉप्टरमध्ये हे काम गव्हर्नर आपोआप करतो, म्हणून तिथे कार्ब्युरेटरच्या तापमानाचा काटा फार मोलाचा.

उपाय म्हणजे कार्ब हीट. एक्झॉस्टभोवती तापलेली हवा कार्ब्युरेटरकडे वळवली जाते. ती विरळ असल्याने शक्ती लगेच कमी होते आणि मिश्रणात इंधनाचे प्रमाण वाढते. बर्फ असेल तर तो वितळून पाणी इंजिनात शिरते. इंजिन थरथरते, खोकते. इथेच मन खंबीर ठेवावे लागते. आजार बळावल्यासारखा वाटतो आणि हात मागे येतो, पण हीट पूर्ण उघडी ठेवली तर आरपीएम पुन्हा चढतो. तापमानाचा काटा नसेल तर अर्धवट हीट देणे धोक्याचे, कारण बर्फ धरू न शकणारी अतिथंड हवा त्याने नेमकी बर्फ धरण्याच्या टप्प्यात येऊ शकते. फार उशीर झाला तर एक्झॉस्टच निवतो आणि उपायात ऊब उरत नाही. म्हणून ओलसर हवेत हीट थ्रॉटल मागे घेण्याआधीच द्यावी. जमिनीवर मात्र ती कमीत कमी वापरावी. ही हवा फिल्टरमधून येत नाही, धूळ थेट आत जाते.

प्रत्येक इंजिनाचा स्वभाव वेगळा. सेसना १५० मधल्या कॉन्टिनेंटल ओ-२०० ला बर्फाची बाधा लवकर होते. सेसना १५२ च्या लायकमिंगमध्ये कार्ब्युरेटर तेलाच्या गरम टाकीला जोडलेला असल्याने ऊब मिळते; तरी ते निर्धोक नव्हे. अपघातानंतर तपासनीस पोहोचेपर्यंत बर्फ वितळलेला असतो. इंजिन पुन्हा सुरळीत चालते आणि त्या वेळच्या हवामानावरूनच कारण ताडावे लागते.

फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनांत, जसे १९९६ पासूनच्या सेसना १७२ मध्ये, इंधन सिलिंडरच्या तोंडाशी फवारले जाते, म्हणून हा बर्फ धरत नाही. ढगातल्या थेंबांचा बर्फ मात्र हवेच्या फिल्टरवर बसू शकतो. त्यासाठी हवेची पर्यायी वाट ठेवलेली असते.