कोलोनसच्या राईत

आंधळा, थकलेला म्हातारा राईतल्या एका दगडावर टेकतो. हाताला धरून आणणारी मुलगी, अँटिगनी, शेजारीच उभी आहे. तेवढ्यात गावचा माणूस येतो आणि घाबरून म्हणतो, आधी तिथून ऊठ! ती राई रक्ताच्या नात्यातल्या खुनाचा सूड घेणाऱ्या देवींची आहे. बापाला मारलेला ईडिपस विसाव्याला बसला आहे तो नेमका त्यांच्याच दारात. आता मात्र तो उठणार नाही. आपला प्रवास इथेच संपायचा आहे, हे अपोलोने त्याला फार पूर्वी सांगून ठेवलेलं आहे.

पु. लं.च्या 'राजा ओयदिपौस'मुळे डोळे फोडून घेणारा राजा आपल्याला माहीत झाला. त्याच्या शेवटाचं हे नाटक, 'ईडिपस ॲट कोलोनस', त्या मानाने कमी वाचलं जातं. ग्रीक नाटककार सोफोक्लीसने ते लिहिलं तेव्हा तो नव्वदीच्या घरात होता. कोलोनस हे त्याचं जन्मगाव. इ. स. पू. ४०६च्या सुमारास तो गेला, दोन वर्षांत अथेन्स युद्ध हरलं, आणि ४०१ साली त्याच्या नातवाने हे नाटक रंगमंचावर आणलं.

आपल्याकडे म्हातारपणी दुखणं लांबलं की घरातलंच कुणीतरी म्हणतं, भोग आहेत, भोगून संपवायचे. अंथरुणावरचं माणूसही मग आपलं काय चुकलं ते आठवत बसतं. मी हे जवळून पाहिलं आहे, आणि म्हणूनच ईडिपसचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. तो ठणकावून सांगतो, वाटेत अंगावर आलेल्या माणसाला मी जीव वाचवायला मारलं. तो बाप आहे हे मला ठाऊक नव्हतं. जे झालं ते मी केलं त्यापेक्षा माझ्यावर ओढवलं. नियती तो नाकारत नाही, पण तिचा गुन्हा स्वतःच्या नावावर लिहून घ्यायला तयार नाही.

तरीही देवींचा मान तो राखतो. गावकरी विधी सांगतात तो किती बारकाईने! वाहत्या झऱ्याचं पाणी आणायचं, भांड्यांना कोकराची ताजी लोकर गुंडाळायची, पूर्वेकडे तोंड करून अर्घ्य द्यायचं. शेवटच्या भांड्यात पाणी आणि मध, मद्य अजिबात नाही. ऑलिव्हच्या सत्तावीस डहाळ्या ठेवायच्या, हलक्या आवाजात प्रार्थना करायची आणि मागे न बघता निघायचं. त्याला चालवत नाही, म्हणून धाकटी मुलगी इस्मिनी हे सगळं करायला जाते. मनापासून केलं तर एकानेच अनेकांच्या वतीने केलेलं पुरतं, असं तो म्हणतो.

अथेन्सचा राजा थीसियस त्याच्याकडे शुद्धतेचा पुरावा मागत नाही. तोही परदेशात वाढलेला. उद्याचा दिवस माझ्या हातात तुझ्यापेक्षा जास्त नाही, एवढं जाणून तो आसरा देतो. मला विचाराल तर ईडिपसचा उद्धार इथेच होतो. नंतर मेघ गरजतात, आणि इतकी वर्षं दुसऱ्याच्या हाताने चाललेला हा आंधळा पुढे होऊन सगळ्यांना वाट दाखवतो. पण तो चमत्कार त्यानंतरचा. त्याचा शेवट एकटा थीसियस पाहतो, तोही डोळ्यांवर हात धरून.

एक गोष्ट मात्र मला कधीच पचली नाही. त्याआधी मोठा मुलगा पॉलिनायसीस रडत पायाशी येतो. बापाला थीब्जमधून हाकलताना मुलगे गप्प बसले होते, हे खरं. पण ईडिपस त्याला शाप देतो : दोघे भाऊ एकमेकांच्या हातून मराल. सोफोक्लीसने तो प्रसंग सौम्य केला नाही. देवांनी पावन केलेला हा माणूस अखेरपर्यंत तापटच राहतो.

आणि त्या शापाची किंमत अँटिगनी चुकवते. इतकी वर्षं बापाची काठी झालेली ही मुलगी त्याची कबर पाहू द्या म्हणते. तेही तिला मिळत नाही. मग ती भावांना अडवायला थीब्जला जायची परवानगी मागते, आणि थीसियस देतो. तिथे तिचं काय झालं, हे अथेन्सच्या प्रेक्षकांना पक्कं ठाऊक होतं. तिच्या मरणाचं नाटक सोफोक्लीसने काही दशकं आधीच लिहिलेलं होतं.