ट्राय बॉल

माळ्यावरची जुनी ताडपत्री ओढताना तिच्या घडीतून सीझनचा चेंडू निसटला आणि घरंगळत थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन थांबला. २०२५चा जुलै. बोईसरला पावसाची झड लागलेली, दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दमट. चेंडूची एक बाजू बुरशीने करडी-हिरवी झाली होती, दुसरी अजून तांबूस होती. तारापूर एमआयडीसीतली पहिली पाळी करून आलेल्या घरमालकाने (त्याला इथे बोईसरकरच म्हणू) चेंडू उचलला, सवयीने मांडीवर घासला, आणि लकाकी आणायला जिभेशी नेलेलं बोट मध्येच थबकलं.

थुंकी लावायची नाही. कोविडच्या पहिल्या लाटेत, जून २०२०मध्ये, आयसीसीने तशी बंदी घातली आणि ऑक्टोबर २०२२पासून ती कायमची केली. क्रिकेटचे नियम लिहिणाऱ्या एमसीसीचं म्हणणं असं की थुंकीवाचून स्विंगमध्ये फारसा फरक पडलाच नाही, घामाने काम भागतं. एक बाजू गुळगुळीत, दुसरी खरबरीत, मधली शिवण किंचित तिरकी. खरबरीत बाजूला हवा जास्त वेळ चिकटून राहते आणि चेंडू तिकडे वळतो. मार्च २०२५मध्ये आयपीएलपुरती ही बंदी उठली. म्हणजे लखनऊसाठी खेळताना जो गोलंदाज एप्रिलमध्ये चेंडूला थुंकी लावू शकत होता, त्यालाच जूनमध्ये लीड्सच्या कसोटीत ती मना होती. असा गोलंदाज खरोखर होता, आणि तो माहीमचा. मुंबईतल्या माहीमचा नव्हे, पालघरजवळच्या, केळव्याला लागून असलेल्या माहीमचा. शार्दूल ठाकूर.

केळवे-माहीम म्हटलं की बोईसरकराला आधी मामाची वाडी दिसते, क्रिकेट मागून येतं. नारळ, सुपारी, पानवेली, मधून पाण्याचे पाट. मे महिन्यात तिथे भरणाऱ्या सामन्यांचे नियम कुणी लिहिले नव्हते, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. पानवेलीत चेंडू गेला की आउट, आणि आणायलाही त्यानेच जायचं, एकही पान न मोडता. पान म्हणजे घरात येणारा पैसा. लेगला रन नाहीत, कारण त्या बाजूला मामीने सुपारी वाळत घातलेली. नारळाच्या बुंध्याला आपटून परतलेला चेंडू एका हाताने झेलला तर आउट, दोन हातांनी झेलला तर काहीच नाही. विहिरीत गेला तर सामना तिथेच थांबायचा आणि दोन्ही संघ मिळून पोहरा सोडायचे. पोरं विषम निघाली तर एकजण ‘कॉमन’, दोन्हीकडून बॅटिंग करणारा. सगळ्यात धाकटा लिंबूटिंबू. त्याला आउट करायचं नाही, पण फिल्डिंगला मात्र तो हवाच, कारण झुडपात शिरायला तोच बारीक. वर्षावर्षाला नियम बदलायचे. एका वर्षी पाटाला पाणी सोडलेलं, तर पाटात गेला की दोन रन ठरले. पुढच्या वर्षी पाट कोरडा होता, म्हणून ते दोन रन गेले. एका मे महिन्यात आजोबा आजारी होते. ओटीच्या दिशेने मारायचं नाही आणि आउट झाल्यावर ओरडायचं नाही, असं ठरलं. त्या सुट्टीत विकेट पडली की सगळे हात वर करून गप्प नाचायचे.

आणि पहिला चेंडू ट्राय. मोजायचा नाही. बॅट हातात बसली का, उसळी किती, उन्हाने डोळे दिपतात का, ते पाहायला एक चेंडू मोफत. आउट झालं तरी आउट नाही. या नियमावर बोईसरकराचं अजून प्रेम आहे. मोठ्यांच्या क्रिकेटने तो कधी घेतला नाही याचं त्याला मनापासून वाईट वाटतं.

शार्दूल तारापूर विद्यामंदिरकडून खेळायचा. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी आपल्या शाळेविरुद्धच्या सामन्यात त्याचा खेळ पाहिला आणि पोराला बोरिवलीला आणायचं मनात घेतलं. पालघर ते बोरिवली रोज येणं-जाणं शाळकरी मुलाला कसं जमायचं? तेव्हा चर्चगेटची लोकल विरारलाच संपायची. डहाणूपर्यंत ती आली एप्रिल २०१३मध्ये. त्याआधी इकडच्या माणसाचं घड्याळ शटल आणि पॅसेंजरवर चालायचं. एक चुकली की वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर ही नावं नुसती पाठ म्हणत फलाटावर बसायचं. तेव्हा लाडसरांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. याच लाडसरांच्या हाताखाली, याच शाळेत, रोहित शर्मा घडला होता. तिथून खेळताना हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेच्या एका सामन्यात शार्दूलने एका षटकात सहा षटकार मारले. पुढे फेब्रुवारी २०१८मध्ये भारताकडून खेळून दक्षिण आफ्रिकेहून परतला, तेव्हा त्याने अंधेरीला नेहमीसारखी लोकल पकडली आणि पालघरला उतरला. डब्यातली कॉलेजची पोरं मोबाइलवर त्याचा फोटो शोधून समोरच्या चेहऱ्याशी ताडून बघत होती म्हणे. पेपरवाले त्याला ‘पालघर एक्सप्रेस’ म्हणतात. बोईसरकराला ‘शटल’ जास्त जवळचं वाटलं असतं. शटल प्रत्येक स्टेशनावर थांबते, आणि या माणसाची कारकीर्दही तशीच थांबत थांबत आली आहे. चाहत्यांनी शार्दूलला दिलेलं ‘लॉर्ड’ हे नाव मात्र बोईसरकराला मुळीच आवडत नाही. त्यात कौतुकाच्या आड कुठेतरी हसू आहे, आणि घाम गाळणाऱ्या माणसाला हसू नये.

पहिली कसोटी हैदराबादला, १२ ऑक्टोबर २०१८, वेस्ट इंडिजविरुद्ध. दहा चेंडू टाकले आणि जांघेचा स्नायू दुखावला. संपलं. उरलेल्या सामन्यात भारताचा एक गोलंदाज कमी, बदली गोलंदाज घ्यायची सोय नाही. दुसरी कसोटी मिळाली ती सव्वादोन वर्षांनी, ब्रिस्बेनला, तीही बिनीचे गोलंदाज एकेक करून जायबंदी झाले म्हणून. ऑस्ट्रेलियाच्या ३६९ समोर भारत ६ बाद १८६. बोईसरकर तेव्हा पहाटे उठून, रजई डोक्यावर घेऊन, आवाज बंद करून टीव्ही बघत होता. शार्दूलने खातं उघडलं ते पॅट कमिन्सला हुकचा षटकार मारून. पुढे ६७ धावा, वॉशिंग्टन सुंदरबरोबर सातव्या विकेटसाठी १२३ची भागी, आणि सामन्यात सात बळी. सुट्टीवर घरी असलेल्या विराट कोहलीने त्या दिवशी इंग्रजी वाक्यात मराठी घातलं: तुला परत मानला रे ठाकूर.

पण बोईसरकराच्या मनात घोळत राहतात ते हैदराबादचे दहा चेंडू.

तो चेंडू माळ्यावरून पडला त्याच आठवड्यात भारत-इंग्लंडची मँचेस्टर कसोटी होती. पहिल्या दिवशी क्रिस वोक्सचा यॉर्कर यष्टिरक्षक ऋषभ पंतच्या पायावर बसला, हाड मोडलं, त्याला गाडीतून बाहेर न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी, २४ जुलैला, शार्दूल ४१वर बाद होऊन परत निघाला, आणि जिन्यावरून एकेक पायरी जपून उतरत पंत मैदानात आला. दोघांनी एकमेकांना ओलांडलं. रनर मागायचा प्रश्नच नव्हता. आयसीसीने ऑक्टोबर २०११पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांतून रनर काढून टाकलाय. लंगडत पळत पंतने अर्धशतक पुरं केलं. यष्ट्यांमागे मात्र त्याच्या जागी ध्रुव जुरेल उभा राहू शकला, कारण २०१७च्या नियमांनी बदली खेळाडूला तेवढी मुभा दिली. डोक्याला चेंडू लागला तर ऑगस्ट २०१९पासून पुरा बदली खेळाडू मिळतो, बॅटिंग-बोलिंगसकट. पायाला लागला तर नाही. सामन्यानंतर भारताचा प्रशिक्षक गौतम गंभीर म्हणाला, दिसती दुखापत असेल तर बदली मिळायलाच हवी. इंग्लंडचा कर्णधार बेन स्टोक्सला ही कल्पना साफ नामंजूर. संघ त्यातून पळवाटा काढतील, असं त्याचं म्हणणं. पुढच्याच आठवड्यात ओव्हलवर खांदा निखळलेला वोक्स स्वेटरच्या आत हात बांधून शेवटच्या विकेटला उतरला.

ऑगस्टमध्ये बीसीसीआयने देशांतर्गत बहुदिवसीय सामन्यांसाठी नियम केला: सामना चालू असताना गंभीर दुखापत झाली तर तशाच जातीचा बदली खेळाडू घेता येईल. बोईसरकराने बातमी दोनदा वाचली. दुखापत बाहेरच्या आघाताने झालेली हवी: हाड मोडणं, सांधा निखळणं, खोल जखम. स्नायू ताणला तर चालणार नाही. हैदराबादचा शार्दूल नव्या नियमातही दहा चेंडूंवरच थांबला असता. गोलंदाजाचं शरीर बहुतेक वेळा आतूनच फाटतं, बाहेरून त्याला कुणी मारायला येत नाही. हे ज्यांना ठाऊक आहे अशी माणसं त्या बैठकीत असतीलच, आणि पळवाटेची भीतीही खोटी नाही. खोटा लचकलेला स्नायू कुठल्या डॉक्टरने पकडायचा? तरीही बोईसरकर त्या रात्री रागावलेला होता.

त्याचा खरा राग इम्पॅक्ट प्लेअरवर आहे. २०२३पासून आयपीएलमध्ये अकरातला एक मध्येच बसवून दुसरा उतरवता येतो. बॅटिंगला निखळ फलंदाज, बोलिंगला निखळ गोलंदाज. मग आठव्या नंबरवर येऊन तीस धावा करणारा, दोन षटकं अडचणीची टाकणारा, भागी फोडणारा, असा अर्धा हा आणि अर्धा तो माणूस कशाला हवा? पहिल्याच वर्षी, ६ एप्रिलला, ईडन गार्डन्सवर याचं चित्र एकाच सामन्यात दिसलं. कोलकाता ५ बाद ८९ असताना शार्दूल आला आणि २९ चेंडूंत ६८ करून गेला. त्याच रात्री सुयश शर्मा हा नवखा फिरकीपटू इम्पॅक्ट प्लेअर म्हणून उतरला आणि त्याने तीन बळी घेतले. टाळ्या दोघांना मिळाल्या, पण नियम दुसऱ्याच्या बाजूचा होता. वर्षभराने हैदराबादने बेंगळुरूविरुद्ध २० षटकांत २८७ केल्या. त्याच एप्रिलमध्ये रोहित शर्माने सांगितलं की हा नियम त्याला पटत नाही, अष्टपैलू खेळाडू यात मागे पडतात. लाडसरांच्या एका विद्यार्थ्याने दुसऱ्याची बाजू मांडावी, तसं ते बोईसरकराला ऐकू आलं. रोहितने नावं घेतली होती ती शिवम दुबे आणि सुंदरची. नियम २०२७पर्यंत राहणार आहे.

नोव्हेंबर २०२४मध्ये जेद्दाहच्या लिलावात शार्दूलचं नाव पुकारलं गेलं. मूळ किंमत दोन कोटी. कुणीच हात वर केला नाही. पावणेतीन वर्षं आधी त्याच माणसासाठी दिल्लीने पावणेअकरा कोटी मोजले होते. बोईसर स्टेशनबाहेरच्या टपरीवर त्या रात्री लोक चहा पिता पिता या आकड्यांचं गणित मांडत होते आणि ते जुळत नव्हतं. जानेवारीत रणजी सामन्यात जम्मू-काश्मीरविरुद्ध मुंबईचा डाव १२०त आटोपला, त्यात शार्दूलच्या ५१. दुसऱ्या डावात ११९. मुंबई तरीही हरली. मग मार्चमध्ये लखनऊचा मोहसीन खान जायबंदी झाला आणि न विकलेल्यांच्या नोंदणीकृत यादीतून शार्दूल दोन कोटींत आत आला. म्हणजे एका नियमाने दार लोटलं आणि दुसऱ्याने फट ठेवली. २७ मार्चला त्याने सनरायझर्सचे चार बळी घेतले, ३४ धावांत, त्यातले अभिषेक शर्मा आणि इशान किशन लागोपाठच्या चेंडूंवर. मैदान हैदराबादचं. तेच, उप्पलचं, दहा चेंडूंचं.

चेंडू अजून खिडकीच्या कठड्यावर आहे. बुरशी खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसली, तरी चामडं तडकलंय. झड ओसरल्यावर खालच्या पार्किंगमध्ये पोरं रबरी चेंडूने खेळायला लागली. स्कूटरखाली गेला तर एक रन, गटाराच्या जाळीत अडकला तर आउट, छताला लागला तर डेड. बोईसरकर पायऱ्यांवर उभा राहून बघत होता. एक बुटका मुलगा पहिल्याच चेंडूवर बोल्ड झाला आणि ‘ट्राय होता!’ म्हणून ओरडला. ‘ट्राय बंद केलाय,’ गोलंदाज म्हणाला.

‘कधीपासून रे?’ बोईसरकराने वरून विचारलं.

‘मेपासून, काका. सगळ्यांनी मिळून.’

बुटक्याने बॅट खाली ठेवली, तोंड पाडून जाळीपाशी गेला आणि फिल्डिंगला उभा राहिला.