आजीचा खलबत्ता

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या नंदीच्या देवळापाशी कडलेकाय परिशे भरते, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. साठच्या दशकात आम्ही चुलत भावंडं चामराजपेटेतून चालत तिथं जायचो. घरी आणलेल्या शेंगा भाजल्या की आजीच्या वाट्याचे दाणे खलबत्त्यात पडायचे. चाळिशीतच तिच्या दाढा गेल्या होत्या. दाढ ठणकली की लवंगेचं तेल, मिठाच्या गुळण्या, आणि तेवढ्यानं भागलं नाही की उपटणं. दुसरी वाट तिच्या पिढीला कुणी दाखवलीच नाही.

ती वाट आमच्या घरात आणली मोठ्या काकूंनी. व्हिक्टोरिया हॉस्पिटलच्या शेजारी १९५८ साली सुरू झालेलं सरकारी दंत महाविद्यालय आम्हाला पायी जाण्यासारखं होतं. काकूंची खालची दाढ अर्धी ढासळली होती, पण मुळं शाबूत होती. तिथं आतली नस काढली, मुळांतल्या बारीक नळ्या साफ करून त्यात गटापर्चा हा रबरासारखा पदार्थ भरला आणि वर कॅप बसवली. काकूंना हेलपाटे खूप पडले. पण त्या वर्षी त्यांनी आजीशेजारी बसून शेंगा खाल्ल्या, आणि आजी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिची ती नजर आम्हा भावंडांपैकी कुणीच विसरलेलं नाही.

पुढं आमची पाळी आली, तेव्हा कळलं की सगळं ठरतं ते उरलेल्या दातावर. थोडाच कोपरा तुटला तर भरून भागतं. कीड आतल्या नसेपर्यंत पोचली तर काकूंसारखं रूट कॅनाल आणि कॅप. वरचा भाग फार झडला असेल तर मुळात खुंटी बसवून त्यावर दात उभारतात. मात्र हिरडीच्या वर सगळीकडून साधारण २ मिलिमीटर निरोगी दात हवा. कॅपची पकड त्यावरच टिकते. मूळच उभं चिरलं तर बहुधा दात काढावाच लागतो. धाकट्या भावाचं तसंच झालं. रिकाम्या जागी ब्रिज बसवायचा तर शेजारचे दोन धडधाकट दात घासावे लागले असते, म्हणून त्यानं टायटॅनियमचं इम्प्लांट बसवून घेतलं. ते हाडात घट्ट रुजायला काही महिने गेले.

आजीचा खलबत्ता आता माझ्याकडे आहे. घरात कुणाची दाढ तुटली, तर "काढून टाका" म्हणण्याआधी डॉक्टरांना एवढं नक्की विचारा: किती उरली आहे?