‘एकच प्याला’ आणि प्रेमाचा कस

प्रेम हा एकच शब्द आपण पत्नीच्या निष्ठेला, मित्राच्या जिव्हाळ्याला, भावाच्या मायेला आणि तरुणांच्या ओढीला सरसकट लावितों. परंतु संकट आलें म्हणजे प्रत्येकाचा कस निराळा लागतो. राम गणेश गडकरी यांचें ‘एकच प्याला’ हें नाटक दारूच्या दुष्परिणामांविषयीं म्हणून प्रसिद्ध आहे. आम्हांस मात्र तें वाचतांना वाटतें कीं, दारू हें निमित्त असून परीक्षा चालली आहे ती प्रेमाची.

गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं वारले. त्यानंतर महिन्याच्या आंतच, २० फेब्रुवारीस, गंधर्व नाटक मंडळीनें हें नाटक बडोद्यास रंगभूमीवर आणिलें. बालगंधर्वांची सिंधू पाहून प्रेक्षकांनीं जे अश्रु ढाळिले, ते आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यांत आम्हीं लहानपणापासून ऐकिले आहेत.

सुधाकराचें सिंधूवर प्रेम नव्हतें असें कोण म्हणेल? परंतु त्याहून त्याला आपला मान प्रिय होता. सनद कांहीं काळ गेली, अपमान झाला, आणि तळीरामानें पुढें केलेला प्याला त्यानें ओठांस लाविला. सिंधूचें प्रेम याच्या अगदीं उलट. तिला स्वतःचा मान असा उरतच नाहीं. श्रीमंत भावाचा आधार नाकारून ती दुसऱ्यांचें दळण दळते. आणि नवऱ्याच्या हातून तान्हें मूल गेल्यावरहि, मरतां मरतां, त्याच्यावर आळ येऊं नये म्हणून खोटें सांगते. तळीरामाची बायको गीता मात्र नवऱ्याला तोंडावर सुनावते. तिच्या फटकळपणाला आपण हंसतों. पण खरें बोलण्याचें धैर्य त्या नाटकांत तिच्याइतकें कोणाजवळ आहे? रामलालाची कथा आणखी सूक्ष्म आहे. शरद् ही सुधाकराची बालविधवा बहीण. तिच्याविषयींचें आपलें वात्सल्य निर्मळ राहिलें नाहीं, हें ओळखून तो भगीरथासाठीं बाजूला होतो. स्वतःच्या प्रेमाची अशी झडती घेणारा त्या नाटकांत तो एकटाच.

आमचें घर अंबाजोगाईचें. पावसाळ्यांत रात्रीं सर्वांनीं मिळून कांहीं वाचावें, ही आमच्याकडील जुनी चाल. गेल्या श्रावणांत हेंच नाटक वाचावयास घेतलें. शेवटच्या अंकाशीं आजींनीं पदर डोळ्यांस लाविला. तेव्हां धाकट्या सूनबाई हळूच म्हणाल्या, “आजी, सिंधूनें बाळाला घेऊन माहेरीं जायला हवें होतें.”

“गेली असती, तर तिला आज कोणीं सिंधू म्हटलें असतें का ग?”

“नसतें म्हटलें. पण ती राहिली म्हणून बाळ राहिलें का?”

आजी कांहीं बोलल्या नाहींत. त्या रात्रीं पुस्तक तेथेंच मिटलें.

तो प्रश्न आमच्या मनांतून अजून गेलेला नाहीं. सिंधू आम्हांस इतकी जवळची कां वाटावी? आमच्या गांवची योगेश्वरी ही कोंकणस्थांच्या कित्येक घराण्यांची कुलस्वामिनी. परळीच्या वैजनाथाशीं तिचें लग्न ठरलें, मुहूर्त टळला, वऱ्हाड पाषाणाचें झालें आणि देवी कुमारिकाच राहिली, अशी कथा येथें सांगतात. सोसून एका जागीं राहिलेल्या स्त्रीपुढें हात जोडण्याची आम्हांस पिढ्यान्‌पिढ्यांची संवय आहे. परंतु याच देवीनें दंतासुराचा वध केला, हीहि कथा याच गांवची. सिंधूची स्तुति करितांना ती मात्र आम्हांस आठवत नाहीं.

सिंधूच्या प्रेमाला कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. तसें प्रेम करणारें माणूस घरांत असणें हें भाग्यच. पण तिनें स्वतःच्या वांट्याचें दुःख पत्करिलें, तेव्हां मुलाच्या वांट्याचेंहि पत्करिलें. आणि त्या मुलाला कोणीं विचारिलें नव्हतें. ज्या घरांत व्यसन शिरलें आहे, त्या घरांतील सुनेला आपण सिंधूचा दाखला देतों. यापुढें तो देण्यापूर्वीं पाळण्याकडे एकदां पाहावें, आणि तिच्या माहेरची वाट मोकळी आहे हें तिला सासरच्यांनींच आधीं सांगावें.