सहीचे वाद्य

दसऱ्याला आठ दिवस उरले होते. म्हैसूरच्या सयाजीराव रस्त्यावर दिव्यांच्या माळा चढवण्याचे काम चालू होते. बडोद्याच्या गायकवाडांचे नाव मिरवणारा हा रस्ता राजवाड्याकडून देवराज मार्केटच्या कडेने उत्तरेला जातो आणि विजयादशमीला जंबुसवारी याच वाटेने बन्नीमंटपाकडे निघते. त्याला फुटलेल्या एका गल्लीत वाद्यांचे दुकान आहे. तिथे भिंतीवर टांगलेल्या एका काळ्या बेस गिटारसाठी मामा-भाचे त्या दुपारी निघाले होते.

भाचा इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. घर मराठी, शाळा कानडी, कॉलेज इंग्रजी आणि संगीत रॉक, अशा चार भाषांत तो वाढला होता. शाळकरी मुलांना दोन वर्षे गणित शिकवून त्याने बावीस हजार रुपये साठवले होते. त्या रकमेत चांगले साधे वाद्य येत होते. त्याला हवे होते ते सहा हजारांनी महाग होते, कारण त्याच्या माथ्यावर एका नामवंत रॉक बेसवादकाची सही होती. सहा हजार आईने भिशीतून देऊ केले, पण एका अटीवर. मिरजेहून मामा दसऱ्याला येणार होते; वाद्य त्यांनी पाहावे आणि मगच पैसे मोजावेत. घरात वाद्य कळणारा माणूस तेवढा एकच होता.

मामांनी बेस गिटार जन्मात हाती धरली नव्हती. लहानपणी चार वर्षे ते मिरजेत एका तंबोरेवाल्याच्या कारखान्यात बसले होते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे भोपळे निवडणे, तुणीचे लाकूड तासणे, शेवटी घोडी घासून जवारी काढणे, हे सारे त्यांनी जवळून पाहिले होते. पुढे टपालखात्यात नोकरी लागली आणि हात वाद्यापासून सुटला. आता अडुसष्टाव्या वर्षी त्यांचा उजवा कान जवळजवळ गेला होता आणि डाव्या कानाला वरचे स्वर पोचत नव्हते. शरावती एक्सप्रेसमध्ये शेजारच्या प्रवाशाचे बोलणे त्यांना रात्रभर समजले नव्हते. ही गोष्ट त्यांनी बहिणीला सांगितली नव्हती. भाच्याला ती स्टेशनवर उतरवून घेतानाच कळली होती.

वाटेत भाच्याने या वाद्याची कुळकथा सांगितली. मामांना नीट ऐकू यावी म्हणून तो त्यांच्या डाव्या बाजूने चालत होता. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत नाचाच्या बँडमधले खर्जाचे काम माणसाहून उंच अशा डबल बेसकडे असे. ते धूड गाडीच्या टपावर बांधून न्यावे लागे आणि ड्रम-ट्रंपेटांच्या कल्लोळात त्याचे काही ऐकू जात नसे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ होता. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने 1951 साली गळ्यात अडकवता येईल असा विजेवरचा बेस बाजारात आणला. मानेवर पडदे बसवल्यामुळे स्वर नेमका लागतो, म्हणून त्याचे नाव 'प्रिसिजन' ठेवले. तारेची लांबी त्याने 34 इंच धरली आणि आजही बहुतेक बेस त्याच मापाचे असतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 कंपने देते. 1957 मध्ये पिकअपचे दोन तुकडे करून त्यांची वेटोळी उलटसुलट जोडली गेली आणि विजेची घरघर आपोआप कटली. रॉकने उचलला तो हाच घाट.

"म्हणजे मागच्या माणसाला ऐकू यावे म्हणून केले," मामा म्हणाले. "चौडय्यांनी तेच केले होते."

म्हैसूरकर भाच्याला हे नाव रस्त्या-सभागृहांपुरतेच ठाऊक होते. तिरुमकूडलू चौडय्या हे बिडारम कृष्णप्पांचे शिष्य, म्हैसूर दरबारचे व्हायोलिनवादक. मायक्रोफोन दुर्मीळ होता त्या काळात मागच्या रांगांपर्यंत स्वर पोचत नाही, हे त्यांना टोचले आणि 1920 च्या दशकात त्यांनी चार तारांच्या व्हायोलिनला आणखी तीन तारा जोडल्या. वरच्या तीन तारांना खालच्या सप्तकातली एकेक जोडीदारीण मिळाली. आवाज दणकट झाला, भरदार झाला. 1967 मध्ये चौडय्या गेले. 1980 साली बंगळूरला त्यांच्या नावे उभे राहिलेले सभागृह व्हायोलिनच्याच आकाराचे आहे. सात तारांचे ते वाद्य ही खरे तर त्यांची सहीच. फरक इतकाच की ती अडचणीतून निघाली होती आणि तिचे वेगळे पैसे कोणी लावले नव्हते.

सह्यांच्या वाद्यांचा व्यवहार मोठा गमतीचा आहे. कॅनडाच्या 'रश' या बँडच्या गेडी ली याने मिशिगनमधल्या कालामाझू गावी एका गहाणवटीच्या दुकानातून 1972 सालचा जॅझ बेस सुमारे 200 डॉलरांना उचलला. त्या वाद्यावर त्याने नाव कमावले आणि 1998 मध्ये फेंडर कंपनीने त्याच्या सहीचा बेस काढला. कोणीतरी गहाण टाकलेल्या वस्तूच्या प्रतिकृती घेण्यासाठी मग जगभरची मुले पैसे साठवू लागली. यात फसवणूक आहे असे म्हणता येत नाही. चांगल्या सहीमागे एका वादकाच्या हाताचा अनुभव असतो: मान किती अरुंद हवी, पिकअप कुठे हवा, कोणते बटण कधीच लागत नाही. पण स्वस्त आवृत्तीत रंग, आकार आणि सही जशीच्या तशी उतरते. लाकूड, खुंट्या आणि तारजोडणी मात्र हिशेबात बसेल तेवढीच उतरते. सहीची स्वस्त वाद्ये पारखायची ती इथे.

दुकानात भाचा पहिल्यांदा वायर ॲम्प्लिफायरला लावायला गेला. मामांनी त्याला थांबवले. "अरे, आधी नुसते वाजव." त्यांनी वाद्याच्या पाठीवर तळहात टेकला आणि वरच्या शिंगावर हनुवटी ठेवली. दुकानदाराला हसू आले असावे. त्याने ते दाखवले नाही. भाचा एकेका तारेवर एकेक पडदा दाबत गेला. जाड तारेला पाठ थरथरत होती, तिच्यापुढच्या तारेलाही. सर्वांत बारीक तारेच्या सहाव्या पडद्यावर स्वर उमटला आणि लगेच बसला. मामांनी बोट वर केले. "इथे मेले आहे."

स्वर खरोखरच मेलेला होता. मानेचे स्वतःचे एक कंपन असते. तारेचे कंपन त्याच्याशी जुळले की मान ते गिळून टाकते. या घाटाच्या वाद्यांत पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास असा कोपरा नेहमी सापडतो. काही वाद्यांत तो नावापुरता असतो, काहींत स्वर टिकतच नाही. ॲम्प्लिफायर लावला असता तर दुकानातल्या गोंगाटात तो कळला नसता, आणि कळला असता तोही घरी नेल्यावर.

भाच्याने विचारले, "मामा, तुम्हांला हे ऐकू आले?"

"ऐकू नाही आले. हाताला लागले."

मग त्यांनी मान डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखी रोखून पाहिली. वाक अगदी थोडा होता, हवा तेवढाच. बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर आणि तिथेच नुसते बोट टेकून काढलेला स्वर भाच्याने जुळवून दाखवला; घोडी थोडी मागे सरकवावी लागणार होती, ते काम किल्लीचे. मानेवरच्या पट्टीचे लाकूड शिसवी नाही हे मामांनी ओळखले. दुकानदार म्हणाला, लॉरेल. मामांना शब्द लागला नाही, पण लाकूड लागले. व्यापारी ज्याला इंडियन लॉरेल म्हणतात तो आपला ऐन, सह्याद्रीतला मगरीच्या पाठीसारख्या सालीचा झाड. 2017 च्या जानेवारीपासून शिसवीच्या साऱ्या कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले तेव्हा गिटार करणाऱ्यांनी दुसरी लाकडे शोधली. 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली, तरी स्वस्त वाद्यांवर ऐन टिकून राहिला. शिसवीत हस्तिदंती नक्षी बसवण्यासाठी नावाजलेल्या गावात सातासमुद्रापारच्या वादकाची सही ऐनाच्या पट्टीसह येऊन टांगली गेली होती.

"हे कोणी केले?" मामांनी विचारले.

भाच्याने सही दाखवली.

"हा वाजवणारा. करणारा कोण?"

माथ्याच्या मागे इंडोनेशियाचे नाव आणि एक लांबलचक क्रमांक होता. मिरजेच्या तंबोऱ्यावर नावाची पट्टी असते ती करणाऱ्याची; गाणारा कितीही मोठा असो, त्याचे नाव वाद्यावर येत नाही. मामांना हा उलटा प्रकार चमत्कारिक वाटला. तो क्रमांक त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

भाच्याचा चेहरा उतरला होता. पलीकडे बिनसहीचे साधे वाद्य होते, सहा हजारांनी स्वस्त. त्यात मेलेला कोपरा जवळजवळ नव्हता, पण पिकअप दुबळा होता. ॲम्प्लिफायरवर जाड तार चिखलात पाय रुतल्यासारखी वाजत होती. युवा दसऱ्याच्या मंचावर उभे राहण्याचे स्वप्न पाहणाऱ्या मुलाला तो आवाज पुरणारा नव्हता. मागच्या वर्षभर उसन्या वाद्यावर वाजवताना ड्रमवाल्याने त्याला पुरते झाकून टाकले होते, आणि बँडमधल्या इतरांनी दुसरा बेसवादक बघू या का, असे त्याच्या समोरच बोलून दाखवले होते. ही गोष्ट मामांना माहीत नव्हती. ती सांगावी असे त्याला त्या क्षणी वाटले आणि त्याने सांगितली.

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग दुकानदाराला त्यांनी मोडक्या कानडीत विचारले, सहीचा दुसरा नग आहे का? होता, माळ्यावर, खोक्यात. तो उतरवायला अर्धा तास गेला. पुन्हा तळहात, पुन्हा हनुवटी. या नगात सहाव्या पडद्यावर स्वर दबला, पण मेला नाही. एक खुंटी किंचित सैल होती. रंगावर बारीक चरा होता, त्यासाठी दुकानदाराने पाचशे रुपये कमी केले. एकाच कारखान्याचे, एकाच सहीचे दोन नग, आणि दोघांचे लाकूड वेगळे. तंबोऱ्याच्या भोपळ्यांचेही असेच असते, हे सांगायला मामांना फार आनंद झाला.

रात्री घरी मान आणि घोडी जुळवण्याचे काम निघाले. भाच्याने तारा खाली घेतल्या तशी जाड तार पडद्यांवर घासून खरखरू लागली. शेजारी बसलेल्या बापाने हे बिघडले असे ठरवून टाकले. मामांनी मात्र हात पुढे केला आणि तार पुन्हा छेडायला लावली. रॉकवाल्यांना ही खरखर हवी असते, भाचा समजावू लागला. कल्लोळातून स्वर वर काढते ती तीच. समजावण्याची गरज नव्हती. तंबोऱ्याची तार घोडीवर सपाट घासते म्हणून तर तिच्यातून स्वरांचा झरा फुटतो, आणि तो जागा व्हावा म्हणून तारेखाली सुताचा जीवा सरकवतात. घासणे कुठे थांबवायचे, एवढाच काय तो प्रश्न.

"अजून थोडी खाली घे," मामा म्हणाले. "पाव वळसा."

भाच्याने किल्ली फिरवली. स्वयंपाकघरातल्या मांडणीत स्टीलची ताटे किणकिणली तशी आई दारात आली. मामांना ती किणकिण ऐकू आली नाही. त्यांनी पाठीवर तळहात घट्ट दाबून धरला होता.

"जास्त झाली. निम्मी परत घे," ते म्हणाले, "आणि पहिल्या पडद्यापासून पुन्हा वाजव."