वारा कुठून येतो?

यंत्रांशी आमचा काय संबंध, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला तर त्यात नवल नाही. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो. घरची भाषा कोंकणी, शाळेची मराठी आणि बाजाराची हिंदी, अशा तीन भाषांत आमचा दिवस जातो. इंजिनाची भाषा ही चौथी. ती शिकण्याचा योग गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात आला, आणि तोही आमच्याच एका माजी विद्यार्थ्याच्या हाताखाली. ती हकीकत सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

१९७२ साली पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यातून ‘चेतक’ नावाची स्कूटर बाहेर पडली. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव धारण करणाऱ्या या वाहनासाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहत. आता ते नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला मिळाले आहे. दोन ठोक्यांच्या इंजिनांचा जमाना त्यांच्या धुरासह मागे पडला. त्या जमान्यातील एक स्कूटर आमच्या वडिलांनी १९८८ साली गोव्यात, पेडण्यास घेतली. आम्ही नोकरीनिमित्त बुऱ्हाणपुरास आलो, तेव्हा त्यांनी ती रेल्वेने आमच्याकडे धाडून दिली. “हिका विकू नाका,” एवढेच त्यांचे सांगणे.

समुद्राच्या दमट हवेत वाढलेली ही स्कूटर सातपुड्याच्या पायथ्याच्या कोरड्या उन्हाळ्यातही पाच वर्षे निमूटपणे चालली. मग तिला एक विचित्र खोड लागली. इंजिन थंड असताना ती ठीक चाले. पण गरम झाली, की मूठ पूर्ण सोडली तरी आवाज खाली येईना. चौकात उभे राहावे, तर ती आपली आपणच ओरडू लागे. यंत्रमागांच्या खटखटाटास सरावलेले आमच्या गल्लीतले लोकही खिडकीतून डोकावून पाहू लागले.

आम्ही तिला जवळच्या गॅरेजमध्ये नेले. तेथे आमचा एक जुना विद्यार्थी काम शिकत होता. दहावीत तो नापास झाला होता आणि त्याच्या निबंधाच्या वहीवर आम्ही काही कडक शेरे मारले होते, हे येथे कबूल केले पाहिजे. त्याने कार्बोरेटर धुऊन दिला आणि म्हणाला, “सर, कार्बोरेटरचा दोष नाही वाटत. कुठून तरी हवा ओढतेय. दोन दिवस गाडी ठेवा.” परीक्षेचे पेपर तपासण्याची घाई होती. आम्ही हसून म्हटले, “पुढच्या आठवड्यात पाहू.” घरी येऊन आम्ही स्वतःच एक स्क्रू पिळला, आवाज थोडा कमी झाला, आणि रोग बरा झाला असे आम्ही समजून चाललो.

पुढच्या रविवारी आठ वर्षांच्या मुलीला मागे बसवून आम्ही असीरगड दाखवायला निघालो. शहरापासून किल्ला सुमारे २० किलोमीटर. एप्रिलचे ऊन, पुढे चढ. चढावर इंजिनाचा जोर एकाएकी ओसरला, आणि क्षणार्धात मागचे चाक जागच्या जागी आवळले गेले. क्लच दाबण्याचे भान उशिरा आले. स्कूटर आडवी झाली. मुलगी रस्त्याकडेच्या मातीत पडली. तिचे दोन्ही गुडघे सोलवटले होते, आणखी काही झाले नव्हते. परंतु पाठीमागून एक ट्रक येत होता. तो थांबला, म्हणूनच हा लेख आज विनोदाच्या अंगाने सुरू करता आला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये आम्ही काय बोललो ते लिहिण्यास लाज वाटते. चार गिऱ्हाइके उभी असताना आम्ही त्या मुलाला म्हणालो, “शाळेत लक्ष नव्हते, इथेही नाही. कार्बोरेटर तूच बिघडवलास. माझी मुलगी गेली असती!” तो काही बोलला नाही. हातातला पाना खाली ठेवून तो आत निघून गेला.

रात्री वडिलांना फोन केला. सगळे ऐकून घेऊन ते शांतपणे म्हणाले, “खंयसून तरी वारो भितर येता.” कुठून तरी वारा आत येतो आहे! हेच वाक्य मराठीतून आम्ही आठ दिवसांपूर्वी ऐकले होते. सांगणारा नापास मुलगा होता, म्हणून ते कानांवरून गेले होते. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही.

विद्यार्थी मित्रहो, आता हा वारा म्हणजे काय ते समजून घ्या. १८९१ साली इंग्लंडातील बाथ शहराच्या जोसेफ डे यांनी ज्या इंजिनाचे पेटंट घेतले, त्याचे तत्त्व असे : पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या खालच्या बंद पेटीत, म्हणजे क्रँकच्या चेंबरमध्ये, पोकळी निर्माण होते आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये चढते. म्हणजे तळाची पेटी हाच या इंजिनाचा पंप. त्यास वंगणाचे तेलही पेट्रोलमधूनच मिळते. आमच्या स्कूटरला एका लिटरमागे २० मिलिलिटर. आता या पेटीला कोठे सुईएवढी फट पडली, तर पोकळीच्या वेळी तेथून कोरडी हवा आत शिरते. हवा वाढते, पेट्रोलचे आणि तेलाचे प्रमाण घटते. असे पातळ मिश्रण अधिक तापते, पिस्टन फुगतो, वंगण अपुरे पडते, आणि अखेर पिस्टन सिलिंडरला धरून बसतो. गावातल्या सपाट रस्त्यावर जे केवळ ओरडणे असते, ते चढावर असे प्राणावर बेतते.

चार दिवसांनी आम्ही पुन्हा गॅरेजमध्ये गेलो. उस्तादांनी इंजिन उघडले होते. सिलिंडरवर उभे ओरखडे, आणि प्लगचे टोक पांढरेफटक. नीट चालणाऱ्या इंजिनात ते चहाच्या रंगाचे असते. “नवा पिस्टन बसवून देऊ, पण छेद सापडला नाही, तर हाही जळेल,” असे उस्ताद हिंदीत म्हणाले, आणि शोधाचे काम त्यांनी त्या मुलाकडेच सोपवले.

त्याची रीत पाहून आम्ही चकित झालो. सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन बसल्यावर त्याने कार्बोरेटरची जागा रबर व पट्टी लावून बंद केली, धुराड्याचे तोंडही बांधले. एका मोडक्या प्लगच्या कवचात ट्यूबचा वॉल्व्ह झाळून त्याने तो प्लगच्या जागी बसवला. पिस्टन अगदी तळाशी आणला, कारण तेव्हाच वरची आणि खालची पोकळी एक होते. मग त्याने कोठून तरी मिळवलेले रक्तदाब पाहण्याचे यंत्र जोडले आणि रबरी फुगा दाबू लागला. काटा २५० वर गेला. आणि अर्धा मिनिट होते न होते तोच २०० च्या खाली उतरला.

“आता साबण,” तो म्हणाला. फेसाळ पाण्यात बुडवलेला ब्रश त्याने एकेका सांध्यावरून फिरवला. हेडच्या पॅकिंगवर बुडबुडे नाहीत. सिलिंडरच्या बुडाशी नाहीत. चेंबरच्या जोडावर नाहीत. गिअरच्या पेटीला हवा जाण्यासाठी छिद्र असते, तेथेही नाहीत. म्हणजे क्लचच्या बाजूचे सील शाबूत. ते फाटले असते, तर गिअरचे तेल आत ओढले जाऊन पांढरा धूर दिसला असता, असे त्याने समजावले. शेवटी मॅग्नेटचे चाक काढून त्यामागे, क्रँकचा दांडा जेथून बाहेर येतो तेथे, त्याने ब्रश टेकला. भाताच्या पेजेला यावेत तसे बुडबुडे येऊ लागले.

ते सील त्याने आमच्या तळहातावर ठेवले. जे रबर नखाने दबावे, ते काचेसारखे कडक झाले होते. वय आणि उष्णता. दुसरे काही नाही. कार्बोरेटर निर्दोष होता. आम्ही पिळलेल्या स्क्रूने मात्र रोगाचे लक्षण झाकून ठेवले होते.

नवे सील तेल लावून बसवल्यावर पुन्हा फुगा दाबला. पाच मिनिटे काटा हलला नाही. ती पाच मिनिटे कोणी बोलले नाही. मग आम्ही, गिऱ्हाइके समोर असतानाच, म्हणालो, “त्या दिवशी मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. तू आधीच सांगितले होतेस. ऐकले नाही ते मी. मला क्षमा कर.” तो गोंधळला. फडक्याने हात पुसत म्हणाला, “सर, पहिले ५०० किलोमीटर जोरात पळवू नका. आणि तो स्क्रू आता हातानं फिरवू नका.”

पावसाळ्यानंतर आम्ही नववीच्या वर्गाला कुंडी भंडारा पाहण्यास नेले. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्यातून झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्याने शहराकडे आणले. पंप नाही, मोट नाही. केवळ उतार, आणि वाटेत शंभराच्या आसपास कुंड्या. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत या स्थानाचा समावेश झाला. आम्ही त्या मुलालाही बरोबर नेले होते. कुंडीच्या तोंडाशी वाकून तो वर्गाला म्हणाला, “इथं हवेला वाट ठेवली, म्हणून काम चालतं. इंजिनात वाट राहिली, की काम बिघडतं. दोन्हीकडे आधी हवा कुठून येते ते बघायचं.” एका पोराने लगेच वहीत ते लिहून घेतले. आमच्या धड्यांतील एकही वाक्य त्याने असे आपणहून लिहून घेतल्याचे आम्हांस स्मरत नाही.

आता स्कूटर चौकात उभी राहिली की शांत असते. मुलगी पुन्हा मागे बसते. पहिल्या दिवशी मात्र तिने आमचा सदरा दोन्ही मुठींनी घट्ट धरला होता. दर रविवारी वडिलांचा फोन येतो. “गाडी बरी आसा मरे?” ते विचारतात. बरी आहे, असे आम्ही सांगतो. आणि ती कोणी बरी केली तेही सांगतो. आता वर्गात मागच्या बाकावरून कोणी हळूच काही बोलले, तर आम्ही खडू खाली ठेवतो आणि म्हणतो, “काय म्हणालास? पुन्हा सांग.”